नेट मात्र पळत होतं

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्यात हात घालायला?’ कुणी सांगितलं म्हणजे? घर माझं, बिल माझ्या नावावर, तो नेटचा दोन शिंगांचा डबा माझ्या भिंतीवर, मी स्वतः ठोकलेल्या खिळ्याला टांगलेला... मी नाही हात घालायचा तर काय वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी घालायचा? त्यांचाही विषय येणार आहे, पण आत्ता नको, नाहीतर माझी गाडी रुळावरून जाईल आणि बायको म्हणते तसं होईल... बायको म्हणते, ‘तुम्हाला वेळ विचारली तर तुम्ही घड्याळ कुठून घेतलं ते सांगता.’ असो, ओळीने सांगतो.

तर तुम्हाला सांगतो, मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत आहे. तक्रार विभागात. म्हणजे काय, तर दिवसभर लोक मला फोन करून सांगतात की पंप पाणी ओढत नाही, पंप नुसता घोंघावतो, पंपाला हात लावला तर चटका बसतो, आणि मी म्हणतो, हो साहेब, नोंद घेतली साहेब, माणूस पाठवतो साहेब. आता मला सांगा, जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकतो, त्याने स्वतःची तक्रार कुणाला सांगायची? म्हणून तुम्हाला धरलंय. बसा, उठू नका.

आमच्याकडे सोमवारी घरून काम असतं आणि सकाळी सगळ्यांची मीटिंग असते, पडद्यावर. साहेब बोलतात, आपण माना हलवायच्या. तर एका सोमवारी साहेब म्हणत होते, या तिमाहीत आपल्याला खूप सजग राहायला हवं, आणि नेमकी मला जांभई आली. येते माणसाला. जांभई येणं हा काही गुन्हा नाही. पण जांभई अर्ध्यावर असताना नेट अडकलं! माझं तोंड उघडंच राहिलं. म्हणजे माझं मिटलं हो, इकडे माझं कधीच मिटलं, मी पाणीसुद्धा प्यायलो... पण तिकडे सगळ्यांच्या पडद्यावर मी आ वासून बसलेलो, डोळे अर्धे मिटलेले, आणि वर साहेबांचा आवाज, ‘सजग... सजग राहा.’ संध्याकाळपर्यंत तो फोटो आमच्या विभागाच्या ग्रुपवर लागला. अजून आहे. हिशेबवाल्या बाई भेटल्या की म्हणतात, ‘दाढ किडलीय हो तुमची मागची, दाखवून घ्या.’

मग मी चिडलो. चिडणारच ना! नेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक मुलगी, आवाज असा की जणू मला झोपवायला बसलीय. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, सर. आपण एकदा डबा बंद करून चालू करून बघाल का, सर?’ अहो, मी हसलो. म्हटलं, बाळ, मी स्वतः तक्रार विभागात आहे, आम्हीही हेच सांगतो. पंप बंद करा, थोडं थांबा, चालू करा. थोडं थांबा यासाठी, की तेवढ्यात आमची जेवणाची सुट्टी होते. तर ती म्हणाली, ‘हो सर. मग करून बघाल का, सर?’ केलं. काय करणार. डबा बंद केला, चालू केला, नेट होतं तिथेच अडकलेलं.

शेवटी मुलीने सांगितलं. आमची मुलगी कॉलेजात आहे, तिला यातलं सगळं कळतं आणि आपल्याला काही कळत नाही हेही तिला कळतं. ती म्हणाली, ‘बाबा, डब्याच्या आतलं पान उघडून बघा ना, कोण किती नेट खातंय ते दिसतं.’ मी म्हटलं, दिसतं? म्हणाली, ‘दिसतं. डब्याच्या खाली चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड आहे.’ एवढं सांगून ती गेली. तिला वाटलं, बाबा एकदा बघतील आणि सोडून देतील. बापाला ओळखलं नाही तिने.

काय सांगू तुम्हाला, ते पान उघडलं आणि मला आतापर्यंतचं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटलं. डावीकडे घरातल्या एकेका यंत्राचं नाव, उजवीकडे निळी पट्टी. जो जास्त ओढतो त्याची पट्टी लांब, कमी ओढतो त्याची आखूड, आणि सगळ्या पट्ट्या हलतायत, वरखाली होतायत... आणि शेजारी बटणं! याला थांबव. याला हळू कर. याला आधी सोड. मी पंपातला माणूस, मला लगेच कळलं. टाकी एक आणि नळ दहा. आता खालच्या नळाने बादली लावून ठेवली तर वरच्या नळाला करंगळीएवढी धार येणार का नाही? मग कुठला नळ किती सोडायचा हे कुणीतरी बघायला नको? मी बघायला लागलो. सकाळी उठलो की चहाच्या आधी पट्ट्या. ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी पट्ट्या. बायको हाक मारायची, ‘अहो, जेवायला या.’ मी म्हणायचो, ‘थांब जरा, टीव्हीने जोर धरलाय.’

पण एक घोटाळा होता. नावं! टीव्हीचं नाव टीव्ही होतं, तेवढं बरं. बाकी सगळी म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे एकत्र कुटून ठेवलेले. आता त्या कुटाण्यातला माझा मोबाइल कुठला, मुलीचा कुठला, कसं कळणार? मुलीला विचारायचं तर ती म्हणणार, ‘बाबा, सोपं आहे’, आणि मग सोपं नसतं. मग मी माझं डोकं चालवलं. आमच्या विभागाची एक पद्धत आहे. नवीन पंप बसवले की आम्ही फिरून बघत नाही, आम्ही वाट बघतो. ज्याचा बिघडला तो ओरडतो. जो ओरडत नाही, त्याचं बरं चाललंय असं आम्ही धरतो. इतकी वर्षं कंपनी यावर चाललीय! मग घर का नाही चालणार? मी ठरवलं, एकेक यंत्र बंद करायचं आणि कान देऊन बसायचं. ओरड जिथून येईल, यंत्र तिथलं.

त्यासाठी मी खास दोन दिवसांची रजा टाकली. पहिलं नाव बंद केलं. न्हाणीघरातलं गाणं बंद पडलं आणि आतून, ‘बाबाऽऽ!’ झालं, मुलीचा मोबाइल. नाव दिलं, ‘कन्या’. दुसरं बंद केलं. स्वयंपाकघरातून, ‘अहो, माझं काहीतरी झालं, बहिणीचं अर्धंच वाक्य आलं!’ नाव दिलं, ‘सौ’. तिसरं बंद केलं, तर मागच्या बाल्कनीतून टूं टूं टूं टूं... कपडे धुवायचं मशीन. अहो, कपडे धुवायच्या मशीनला नेट कशाला लागतं? ते काय बघतं? पण असू दे, त्यानेसुद्धा तक्रार केली बघा. यंत्र असून केली. माझी पद्धत कशी चोख आहे, ते मला तिथेच पटलं.

आणि मग आलं ते. यादीत सगळ्यात खाली. पट्टी बघाल तर लांबच्या लांब. आणि हलत नाही, वरखाली होत नाही, एकसारखी ओढतेय. सकाळी बघितलं तेव्हाही तेवढीच, दुपारी तेवढीच, संध्याकाळ झाली की मात्र गडप. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. म्हटलं, सापडला! हाच तो. यानेच माझी जांभई अडकवली. मी बटण दाबलं. बंद. आणि कान दिले.

काही नाही.

बायको कामाला निघून गेलेली, मुलगी कॉलेजात गेलेली. आई मागच्या खोलीत होती. मी थांबलो. चहा केला, प्यायलो, परत कान दिले. घरात कुणी हूं का चूं केलं नाही. मग याचा अर्थ काय? तुम्ही सांगा ना, तक्रार नाही म्हणजे घरातलं नाही, आणि घरातलं नाही म्हणजे बाहेरचं! कुणीतरी दिवसाढवळ्या माझ्या टाकीला स्वतःचा नळ जोडलेला. मी त्याला नाव दिलं, ‘चोर’. कायमचा बंद करून टाकला.

आणि चोर कोण? तर तेवढ्यात जिन्यात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले. त्यांच्याकडे पेशंट बसतात तिथे हा एवढा मोठा टीव्ही आहे, दिवसभर चालू, संध्याकाळी बंद. लागतंय का गणित? मी सहज आवाजात म्हटलं, ‘काय डॉक्टर, आज काय म्हणतंय नेट?’ तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ‘अहो, काय सांगू, सकाळपासून बंद आहे. तुमच्याकडे आहे का?’ मी म्हटलं, ‘आहे, आमच्याकडे आहे. आता तर फारच आहे.’ आणि असं बघितलं त्यांच्याकडे... असं. ते बिचारे म्हणाले, ‘दात दुखतोय का?’

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून नेट जे पळायला लागलं! साहेब दौऱ्यावर होते म्हणून सोमवारच्या मीटिंगा तेवढ्या बंद होत्या, नाहीतर त्यांनाही दिसलं असतं. काय ते पळणं! मी सिनेमा लावला तर सुरू व्हायच्या आधीच सुरू झालेला. फोटो पाठवला तर पोचून उत्तर आलेलं. आणि माणसाला एकदा यश आलं की तो थांबतो का? मी पण नाही थांबलो. कन्येला संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेत हळू केलं. टीव्हीला जेवताना बंद केलं. सौला मध्यम ठेवलं, कारण नवरा-बायकोत समतोल हवा. बायको सकाळी पडद्यावर बघून व्यायाम करते, समोर एक बाई असतात, त्या सांगतात तसं करायचं. तर एकदा त्या बाईंनी एक पाय उचलला, दोन्ही हात वर नेले, आणि अडकल्या. बायकोला वाटलं, आज नवीन आसन आहे. तीही एका पायावर उभी. बाई हलत नाहीत, ही हलत नाही. मी मागून जाताना बघितलं, मनात म्हटलं, वा, काय सुधारणा आहे! ती घामाघूम होऊन ओरडली, ‘अहो, किती वेळ आहे हे?’ त्यानंतर ती दोन दिवस लंगडत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. मुलीने संध्याकाळी घरी यायचंच बंद केलं, म्हणायला लागली, वाचनालयात नेट बरं असतं आणि तिथे वडील नसतात. पण नेट? नेट मात्र पळत होतं!

आता आईचं सांगतो. इथून पुढे जरा हसू नका.

आमची आई म्हणजे घराचा आवाज. सकाळपासून मागच्या खोलीत तिची बडबड सुरू असते. मटार सोलतेय, बडबड. कपड्यांच्या घड्या घालतेय, बडबड. ‘बघ, हा शर्ट असा चुरगळून टाकतात. बघ, शेंगेत दाणेच नाहीत.’ आम्हाला वाटायचं, वय झालं, स्वतःशी बोलते. कुणी काही म्हणत नव्हतं, उलट बरं वाटायचं, घर भरल्यासारखं. तर हल्ली ती बोलेना. शेंगा सोलायची, पण गप्प. चहा समोर ठेवला तर साय धरेपर्यंत तसाच. मी विचारलं, ‘आई, बरं वाटत नाही का?’ म्हणाली, ‘मला काय धाड भरलीय.’ विचारलं, ‘कुणी काही बोललं का?’ म्हणाली, ‘माझ्याशी कोण बोलतंय.’ आणि उठून कपाट आवरायला लागली. आवरलेलं कपाट! सगळं खाली काढायचं, परत तसंच वर लावायचं.

एकदा मी पट्ट्या बघत बसलो होतो तर माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, ‘माणसाचा राग किती दिवस टिकतो रे?’ माझी नजर पडद्यावर. मी म्हटलं, ‘ऑफिसातल्या की घरातल्या?’ ती म्हणाली, ‘बहिणीचा.’ मी म्हटलं, ‘ते माणसावर अवलंबून.’ काय उत्तर आहे हो? आई बहिणीच्या रागाचं विचारतेय आणि मी पंपाच्या हमीसारखं सांगतोय, वापरावर अवलंबून! ती ‘बरं’ म्हणाली आणि उठून गेली. आणि मी? मी पट्टीकडे बघून खूश. नेट पळत होतं ना!

मग आला मावसभावाचा फोन. साधा फोन, कानाला लावायचा. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती शाळेत मुख्याध्यापिका होती. लांब राहते, एक दिवस जायला, एक दिवस यायला. गुडघ्यांमुळे दोघींनी एकमेकींकडे जाणं कधीच सोडलेलं. तर मावसभाऊ म्हणाला, ‘अरे, तुझ्या आईने माझ्या आईशी बोलणं का टाकलंय? आई धड जेवत नाही रे. नुसती टॅबलेट मांडीवर घेऊन बसलेली असते. म्हणते, ताईने तोंडावर बंद केलं.’

मी म्हटलं, काय बंद केलं?

तर कळलं ते असं. मुलीने स्वतःचा जुना टॅबलेट आजीला दिला होता, आणि मावसभावाने मावशीला एक घेऊन दिला होता. एकदा दोघींना चित्राचा फोन लावून दिला. दोघी बोलल्या, पोटभर बोलल्या. बोलणं संपलं. पण बंद कसं करायचं, ते दोघींनाही माहीत नव्हतं. मग काय करायचं? राहिलं चालू. आईने टॅबलेट उशीला टेकवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या, मावशीने तिकडे डब्याला टेकवला आणि विणायला घेतलं. तेव्हापासून रोज! सकाळी सुरू, संध्याकाळी दिवेलागणीला बॅटरी संपली की आपोआप बंद, रात्रभर चार्जिंग, सकाळी परत सुरू. बोलायलाच हवं असं नाही. एक इकडे डुलकी काढते, दुसरी तिकडे. मधेच एक म्हणते, ‘दूध बघ, ऊतू जाईल.’ दुसरीचं दूध, दुसऱ्या गावातलं! आणि ती उठून बघते. म्हणजे बघा, इतक्या लांबून माझ्या घरात मावशी दिवसभर बसलेली असायची, आणि घरात कुणाला पत्ता नाही. आम्हाला वाटलं, आई स्वतःशी बोलते.

मी आईकडे गेलो. विचारलं, ‘मावशीशी काय झालं?’ म्हणाली, ‘काही नाही. सायकलीवरून झालं.’ लहानपणी यांच्या वडिलांची सायकल कालव्यात गेली होती. आईचं म्हणणं, मावशीने ढकलली. मावशीचं म्हणणं, आईने. वडील जाऊन किती वर्षं झाली, ती सायकल गंजून तिचा गाळ झाला असेल, पण वाद ताजा. ‘मी तिला एवढंच म्हटलं,’ आई म्हणाली, ‘की ढकललीस तू आणि मार खाल्ला मी. तर तिने तोंडावर बंद केलं. त्यानंतर लावते, लावते, नुसतं गोल फिरतं. उचलत नाही ती. आता मी कशाला लावू?’ आणि तिकडे मावशी काय म्हणतेय? ताईने सायकलीचं काढलं आणि माझं उत्तर न ऐकता बंद केलं!

एवढ्यात मुलगी आली. तिने सगळं ऐकलं, मग आजीच्या हातातून टॅबलेट घेतला, आत कुठेतरी जाऊन काहीतरी बघितलं, आणि माझ्या संगणकासमोर जाऊन उभी राहिली. तिथे पट्ट्या उघड्याच होत्या. तिने एकदा टॅबलेट बघितला, एकदा पडदा बघितला. मग अगदी शांत आवाजात म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आजीचं नाव चोर ठेवलंय?’

मी म्हटलं, ‘कुणाचं?’

‘हे आजीचं आहे. तुम्ही बंद केलंय. तुम्ही रजा घेतली होतीत ना, तेव्हापासून.’

अहो, दारात आई उभी! तिने सगळं ऐकलेलं. मला वाटलं, आता ओरडेल, मग बरं होईल, ओरड झाली की आपल्याला नोंद घेता येते. ती नाही ओरडली. म्हणाली, ‘तू बंद केलंस होय? मला वाटलं तिनेच...’ आणि खुर्चीत बसली, आणि पदराने डोळे पुसले. रागाने नाही हो, सुटल्यासारखं. बहिणीने टाकलं नव्हतं, एवढंच तिला पुरलं होतं. मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू. माझी पद्धत, ती माझी चोख पद्धत... ज्याला त्रास होतो तो ओरडतो म्हणे! इतकी वर्षं मी हेच धरून चाललोय. किती पंप असतील असे, कुणास ठाऊक.

मी बटण दाबलं, चालू केलं, टॅबलेट उचलला आणि मावशीला लावला. लागला. तर पडद्यावर काय? मावशीचा कान! तोंड तिकडे फिरवून बसलेली. इकडे बघतो तर आईने भिंतीकडे तोंड केलेलं. एवढ्या दिवसांनी भेट आणि दोघींच्या पाठी. पहिलं कोण बोलणार? मीच बोललो. ‘मावशी, आईने बंद केलं नव्हतं. मी केलं होतं.’

कान हलला. ‘तू? कशासाठी?’

‘मला वाटलं, चोर आहे.’

‘कोण चोर?’

आणि माझ्या मागून, भिंतीकडे तोंड करून, आई म्हणाली, ‘मी.’

झालं. मावशी वळली, चष्मा लावला, आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, ‘उभा राहा.’ अहो, मी उभाच होतो, तरी आणखी उभा राहिलो. ‘आईला चोर म्हणतोस? घरात कोण काय करतंय ते बघायला तुला यंत्र लागतं? चार पावलं चालून मागच्या खोलीत जाता येत नव्हतं?’ तर आई वळली आणि म्हणाली, ‘जाऊ दे गं, तो लहानपणापासून असाच आहे.’ मावशी म्हणाली, ‘असाच म्हणजे? तुझेच लाड.’ आई म्हणाली, ‘माझे नाहीत, त्याच्या आत्याचे.’ आणि दोघींनी मिळून मला जे धुतलं, जे धुतलं... ते बाल्कनीतलं मशीनसुद्धा एवढं धूत नाही. पण बोलत होत्या, एकमेकींशी बोलत होत्या! मधेच मावशी थांबली आणि म्हणाली, ‘मला काय वाटलं सांगू ताई? तुला कधी बंद करता आलं नाही. मला वाटलं, हिला येत नव्हतं ते ही माझ्यावरच्या रागाने शिकली.’ आई म्हणाली, ‘वेडी आहेस.’ आणि दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या... मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मी तोंड वळवून पट्टी बघितली. लांबच्या लांब झालेली. बाकी सगळ्यांच्या आखडलेल्या. सिनेमा अडकला, बायकोच्या व्यायामाच्या बाई अडकल्या, आणि घरात कुणी काही म्हणालं नाही.

अर्थात शिक्षा झाली. डबा माझ्या भिंतीवरून निघाला आणि आईच्या खोलीत गेला, पासवर्ड मुलीने बदलला, आणि वर जाऊन डॉक्टरांची माफी मागायचं बायकोने फर्मान काढलं. डॉक्टरांचं नेट त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्याच कंपनीमुळे गेलं होतं, त्यांना तर मी त्यांना चोर समजत होतो हेच माहीत नव्हतं, ते समजावून सांगून मग माफी मागावी लागली. त्यांनी माफ केलं आणि ती मागची दाढ काढली.

पण आता खरी तक्रार ऐका. मी तुम्हाला धरून बसवलंय ते यासाठी. सोमवार आला, साहेबही दौऱ्यावरून परत आले. मीटिंग. मी आईच्या खोलीत गेलो, उंबऱ्यातच उभा राहिलो, म्हटलं, ‘काही नाही, नेट थोडं कमी पडेल, चालवून घेईन मी.’ तर मावशी तिकडून म्हणाली, ‘अरे, तुझी मीटिंग आहे? मग आधी सांगायचं नाही? ताई, तेवढा वेळ बंद करू या आपण. नातीने दाखवलं ते लाल दिसतंय ना, ते दाब.’ आणि आईने दाबलं! माझ्यासाठी हो. एवढं सगळं झाल्यावर. मी डोळे पुसतच मीटिंगला बसलो.

आणि नेट काय पळालं! माझं चित्र असं स्वच्छ, आवाज असा खणखणीत, की साहेब बोलता बोलता थांबले. म्हणाले, ‘अरे, तुम्ही आज अगदी समोर बसल्यासारखे दिसताय.’ मी म्हटलं, हो साहेब, घरच्यांची कृपा. म्हणाले, ‘इतके दिवस तुम्हाला काही सांगायला गेलं की तुमचं तरी चित्र अडकायचं, नाहीतर आवाज तुटायचा, मग आम्ही दुसऱ्याला सांगायचो. बरं झालं. आता दिसताच आहात तर...’ आणि त्या ‘तर’च्या पुढे साहेबांनी काय काय सांगितलं! परत आलेल्या पंपांचा आढावा मी घ्यायचा, नवीन लोकांना शिकवायचं मी, आणि मी भावनेच्या भरात आमच्या पद्धतीत कशी खोट आहे ते बोलून गेलो, तर आता ज्यांनी कधी तक्रार केली नाही अशा गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून ‘बरं चाललंय ना’ विचारायचं, तेही मीच. आणि ते लोक बोलतात हो! इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आता धरूनच बसतात. पुढच्या सोमवारी आणखी काम, त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. त्या अडकणाऱ्या नेटने मला इतके दिवस किती सांभाळलं होतं, ते मला आता कळतंय.

म्हणून हल्ली मी दर सोमवारी सकाळी आईच्या खोलीत जातो, दोघींसमोर हात जोडतो आणि म्हणतो, ‘बंद करू नका गं. बोला. काहीही बोला, भांडा, सायकलीचं काढा, मी मधे येणार नाही.’

आणि दोघी एकदम म्हणतात, ‘छे रे, तुझ्या नोकरीपुढे आमच्या गप्पा कसल्या!’